शनिवारचा लॅग

घड्याळजींनी किल्ल्याचं दार पाडलं, ते नेमकं स्वतःच्या मुलीच्या डोक्यावर. त्या दुपारी तिसऱ्यांदा.

"बाबा!" हेडफोनमधून चक्री ओरडली. "मी आत येत होते!"

"मी तू आत आल्यावरच बटण दाबलं."

"मग दार माझ्या टाळक्यात कसं पडलं?"

घड्याळजींनी डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. त्यांच्या पडद्यावर चक्री केव्हाच आत येऊन विहिरीपाशी उभी होती आणि तिच्याच पडद्यावर ती उंबऱ्यात चिरडून पडली होती. एकाच मुलीची अशी दोन ठिकाणी हजेरी लागली की बापाने करायचं तरी काय?

खेळ साधा होता. एका किल्ल्यात चौघं. तिघांनी बाहेर जाऊन लुटून आणायचं, चौथ्याने दार सांभाळायचं. आपली माणसं आत आली की बटण दाबायचं, लोखंडी दार धाडकन खाली. शत्रू बाहेर, आपण आत, संपला विषय. चक्रीने हे काम बापाला दिलं होतं, कारण त्यात एकच बटण होतं. दर शनिवारी दुपारी चार ते सहा ती तिच्या शहरात बसायची, हे आपल्या घरात. टीममधले उरलेले दोघं तिच्या कचेरीतले. त्यातली एक गंभीर चेहऱ्याची बाई होती, पण खेळात तिने झुपकेदार मिशा लावून घेतल्या होत्या, म्हणून ती मिशी. दुसरा कमी बोलायचा आणि वाघाचं कातडं पांघरायचा, म्हणून तो वाघोबा.

घड्याळजींना किल्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं, हे खरं सांगायला हवं. चक्री फोनवर "जेवले, बरी आहे, ठेवते" याच्या पलीकडे जात नसे. पण या खेळात मात्र ती दोन तास आरडायची, भांडायची, खिदळायची, अगदी बारा वर्षांची असताना घर डोक्यावर घ्यायची तशी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तर तिला चक्री नाव पडलं होतं. आठवड्यातले ते दोन तास घड्याळजी उरलेले सहा दिवस पुरवून पुरवून वापरत.

आणि आता तेच जायची वेळ आली होती.

"काका, राग मानू नका," मिशी म्हणाली, "पण आपण सलग पाच सामने हरलोय. पुढच्या शनिवारी बाद फेरी आहे. तुमच्याकडचा लॅग तेवढा घालवा. नाहीच जमलं, तर माझा मावसभाऊ दारावर बसायला तयार आहे. हात फार चपळ आहे त्याचा."

"लॅग म्हणजे?" घड्याळजींनी विचारलं. तीन महिने हा शब्द ऐकत होते, पण अर्थ विचारायची त्यांना लाज वाटली होती.

"तुम्ही बटण आत्ता दाबता, ते आमच्याकडे अर्ध्या सेकंदाने पोचतं."

घड्याळजींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांच्या हातचं घड्याळ महिन्याला पाच सेकंद मागे पडलं, तर गिऱ्हाइकाने तक्रार करायच्या आधी तेच त्याच्या घरी जाऊन उभे राहत. आणि हेच घड्याळजी अर्धा सेकंद मागे! हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत बुडालास म्हणण्यासारखं झालं.

"पुढच्या शनिवारी बघा," ते म्हणाले आणि हेडफोन काढून टेबलावर आपटला.

चक्रीने त्याच संध्याकाळी यादी पाठवली. राउटर मोकळ्यावर ठेवा. हवेतून नेट घेऊ नका, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाका. खेळताना घरात दुसरं कुणी व्हिडिओ बघायचा नाही. खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसतो, तो बघत राहा. तो पन्नासच्या आत असला तर हिरवा, म्हणजे बरं. तांबडा झाला की मेलो.

तो आकडा म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग मोजणारा होता. घड्याळजींनी हे वाचलं आणि त्यांना त्या परिस्थितीतही जरा बरं वाटलं. निदान कुणीतरी नीट मोजतंय.

त्यांनी कामाला हात घातला तो आपल्या धंद्याच्या पद्धतीने. घड्याळ बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट हलवायची, मग चालवून बघायचं, मग लिहून ठेवायचं. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. ते रोज संध्याकाळी एक बदल करत, अनोळखी लोकांबरोबर एक डाव खेळत आणि वहीत आकडा टिपून ठेवत.

रविवारी राउटरवरचं विणलेलं आच्छादन काढलं. ते बायकोने खपून विणलं होतं.

"त्याला काय उकडतंय?" बायकोने विचारलं. त्या निवृत्त नर्स होत्या. तीस वर्षं रोग्यांच्या उशाशी काढल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचं फार नवल वाटत नसे आणि कुणाचं नाटक पाच मिनिटांच्या वर चालत नसे.

सोमवारी राउटर माशांच्या टाकीमागून काढून कपाटावर ठेवला. मंगळवारी भिंतीला भोक पाडून वायर टाकली. भोक पाडताना पलीकडच्या खोलीतला आरसा फुटला, पण आकडा अडतीसवर आला. बुधवारी बायकोच्या टॅब्लेटवर बंदी आली. त्यावर त्या भरतकामाचे धडे बघत.

"चार ते सहा?" त्या म्हणाल्या. "आणि मी काय करू?"

"भरतकाम कर."

"तेच तर शिकतेय!"

बुधवारी आकडा चौतीस. गुरुवारी तेहतीस. शुक्रवारी एकतीस. हिरवागार. घड्याळजी शुक्रवारी रात्री इतके गाढ झोपले की बायकोने दोनदा उठून त्यांची नाडी बघितली.

पण शनिवारी घोळ झाला. बाद फेरी एका आठवड्याने पुढे ढकलली गेली होती, म्हणून या शनिवारी नुसता सराव होता. घड्याळजी दुकान अर्ध्या दिवसाने बंद करून घरी आले, हातपाय धुतले, चार वाजता खुर्चीत बसले. वायर होती, राउटर उघडा होता, टॅब्लेट कुलपात होता. आणि कोपऱ्यात आकडा आला चारशे ऐंशी. तांबडाभडक.

पहिल्याच फेरीत दार वाघोबावर पडलं. दुसऱ्या फेरीत शत्रू आत येऊन, लुटून, निघून गेल्यावर पडलं.

"काका," वाघोबा म्हणाला. त्या दिवशी तो बोललेला हा एकमेव शब्द.

रविवारी पुन्हा आकडा तीसच्या घरात. घड्याळजींनी वही पुढे ओढली. सहा दिवस चांगले आणि शनिवारच तेवढा वाईट. इथे काहीतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. शनिवारी दुपारी सगळा गाव घरी असतो, म्हणजे नेटची कंपनी एकाच नळाला शंभर घरं लावते. नाहीतर कुणीतरी नेट चोरतं. खालच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातला निवृत्त लाइनमन राहायचा. शनिवारी त्याच्या घरातून गाण्यांचे आवाज येत. मग काय, घड्याळजींच्या डोक्यात दिवा लागला.

त्यांनी कंपनीला साडेतीन पानी पत्र लिहिलं, त्यात "बेजबाबदार" हा शब्द चारदा आला. मग ते खाली गेले.

"तुम्हाला तारांचं सगळं कळतं," ते लाइनमनला म्हणाले.

"हो, म्हणजे बरंच," लाइनमन खूश होऊन म्हणाला. "काही अडलंय का?"

"अडलं कुठे? व्यवस्थित चाललंय तुमचं. आमच्या जिवावर."

लाइनमनला पहिली दोन मिनिटं काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तो लालेलाल झाला. "अहो, मी रेडिओ ऐकतो! रेडिओ! त्याला तुमचं नेट लागत नाही, नुसती बॅटरी लागते. दाखवू?" आणि त्याने खरंच आतून रेडिओ आणून घड्याळजींच्या नाकासमोर धरला. घड्याळजी तणतणत वर आले आणि त्यांनी पासवर्ड बदलला. त्यानंतर लाइनमन जिन्यात दिसला की दोघंही भिंतीकडे बघून चालत.

असा आठवडा गेला. दुकानात त्यांचं लक्ष लागेना. एरवी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला चक्रीच्या पुलाची हकीकत ऐकवत. ती एका मोठ्या पुलाच्या आराखड्यावर काम करत होती आणि घड्याळजींच्या कृपेने अख्ख्या रस्त्याला त्या पुलाला किती खांब आहेत ते पाठ होतं. "आमच्या घरात मापाची चूक होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या आठवड्यात मात्र ते कुणाशीच धड बोलले नाहीत. एका बाईच्या घड्याळाला काटे उलटे बसवता बसवता राहिले. डोळ्यांसमोर सारखा तो मावसभाऊ यायचा. त्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं, पण तो त्यांना मनापासून आवडत नव्हता.

बाद फेरीचा शनिवार उजाडला. घड्याळजी साडेतीनला घरी आले, पिशवी खुर्चीवर टाकली आणि कॉम्प्युटर लावला. पावणेचारला आकडा आला चारशे नव्वद.

त्यांनी हात टेकले. "संपलं," ते म्हणाले. "चक्रीला कळव, मावसभावाला बसवा म्हणावं."

बायको बसायला म्हणून खुर्चीवरची पिशवी उचलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी पिशवीवर हात सपाट ठेवला. मग पालथा करून ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या पिशवीला ताप आहे."

"काय?"

"चांगला ताप आहे. हात लावून बघा."

पिशवीत दुकानातला फोन होता. आता त्या फोनबद्दल सांगायला हवं. घड्याळजी कुठलंही घड्याळ उघडलं की प्रत्येक पायरीला त्याचा फोटो काढत. झाकण काढल्यावर एक, पहिला स्क्रू काढल्यावर एक, दुसरा काढल्यावर एक. जोडताना कुठला स्क्रू कुठे, याचा घोळ होऊ नये म्हणून. शिवाय घड्याळ चालू झालं की त्याची आतली चक्री नीट फिरते की नाही, याचा दोन दोन मिनिटांचा व्हिडिओ. यासाठी एक वेगळा फोन होता. तो आठवडाभर दुकानाच्या खणात राहायचा आणि फक्त शनिवारी घरी यायचा, कारण रविवारी दुकान बंद. वर्षापूर्वी चक्रीने त्यात अशी सोय करून दिली होती की घरचं नेट मिळालं की सगळे फोटो चार-पाच तासांत आपोआप कुठेतरी दूर सुरक्षित जाऊन पडावेत. पासवर्ड बदलला तेव्हा घड्याळजींनीच तो आठवणीने याही फोनमध्ये घातला होता.

फोनच्या पडद्यावर लिहिलं होतं: सहाशे बारा फोटो आणि एकेचाळीस व्हिडिओ पाठवत आहे.

घड्याळजी त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन बंद केला. कोपऱ्यातला आकडा लडखडला, खाली आला आणि बावीसवर थांबला. हिरवा.

बायकोने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"आरसा," बायको म्हणाल्या.

"हो."

"माझे भरतकामाचे धडे."

"कळलं."

"लाइनमनभाऊजी. बेजबाबदार कंपनी."

"अगं, कळलं म्हणतोय ना! आणि हे बघ, चक्रीला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. कंपनीने सुधारणा केली, एवढंच." घड्याळजींनी हेडफोन चढवला. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं त्या गोड खाऊन साखर तपासायला आलेल्या रोग्याकडे बघत.

सामना सुरू झाला. आणि घड्याळजींनी पहिलंच दार मिशीच्या नाकासमोर पाडलं. तीन महिने उशिराशी झगडून त्यांच्या बोटाला अर्धा सेकंद आधी दाबायची खोड लागली होती. आता उशीरच नव्हता, तर दार घटना घडायच्या आधीच खाली येत होतं.

"काका, मी बाहेर आहे! शत्रूबरोबर!" मिशी किंचाळली.

"आलो, आलो, उघडतो."

पण माणूस शेवटी घड्याळवाला. चार फेऱ्यांत त्यांनी बोटाला वळण लावलं. पाचव्या फेरीत चक्री धावत आत आली, तिची टाच उंबरा ओलांडते न ओलांडते तोच दार कोसळलं आणि मागचे दोन शत्रू लोखंडावर आपटले. सहावी, सातवी, आठवी फेरीही तशीच. मिशी "वा काका!" म्हणाली. वाघोबाने गुरगुरून दाखवलं. अजून एक फेरी जिंकली की सामना खिशात.

"बाबा, लॅग गेला कसा हो?" चक्रीने विचारलं.

"कंपनीला चांगलं खडसावलं," घड्याळजी म्हणाले. शेजारून बायको खोकल्या.

नववी फेरी लागायला अर्धा मिनिट होतं. घड्याळजी खुशीत होते, आणि दर शनिवारी विचारायचे तेच त्यांनी विचारलं. "काय गं, पूल कसा चाललाय?"

हेडफोनमध्ये काही आलं नाही. मग चक्री म्हणाली, "छान चाललाय."

सव्वादोन सेकंद. घड्याळजींनी मोजलं नाही, ते त्यांच्या आत आपोआप मोजलं गेलं. सवयीने त्यांनी कोपऱ्यात बघितलं. आकडा बावीस होता, हिरवा. म्हणजे नेट नव्हतं थांबलं. पोरगी थांबली होती. आणि दर शनिवारी ती अशीच थांबत असणार. तीन महिने त्यांनी ते सव्वादोन सेकंद नेटच्या माथी मारले होते.

घड्याळजींनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

"चक्रे," ते म्हणाले, "काय झालंय?"

"कुठे काय? बाबा, फेरी लागली, दार बघा."

ती, मिशी आणि वाघोबा बाहेर धावले. घड्याळजींचं बोट बटणावर होतं. आमच्या घरात मापाची चूक होत नाही, असं रस्ताभर सांगत फिरणाऱ्या बापाला मुलगी काय सांगणार? त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "कंपनीने काही केलं नाही. लॅग माझाच होता. दुकानातल्या फोनमधून फोटो जात होते. सहाशे बारा. तीन महिने मीच माझी वाट अडवून बसलो होतो, आणि आरसा फोडला, तुझ्या आईचे धडे बंद केले, आणि त्या लाइनमनला चोर म्हणालो. चोर! त्याने मला रेडिओ आणून दाखवला."

"काका, दार!" मिशी ओरडली. चौघं शत्रू उंबऱ्याशी आले होते. दार सताड उघडं बघून ते थबकले. त्यांना हा डाव वाटला असावा.

"गेलं खड्ड्यात दार," घड्याळजी म्हणाले. "बोल, चक्रे."

चक्रीचा खेळातला सैनिक मैदानाच्या मधोमध उभा राहिला. पुष्कळ वेळाने तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"माझं माप चुकलं, बाबा. तीन महिने झाले. खांबांच्या बैठकीचं. वरिष्ठांनी मला त्या पुलावरून काढलं. तेव्हापासून मी कचेरीत नुसती बसून असते. मिशीला, वाघोबाला माहीत आहे. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही तिकडे सगळ्यांना..."

घड्याळजींना रडू आलं, पण रडण्यापेक्षा त्यांना एक गोष्ट आधी हवी होती. "किती चुकलं?"

"चार सेंटिमीटर."

"चार?" घड्याळजींच्या जगात चार सेंटिमीटरमध्ये एक अख्खं घड्याळ मावतं. "पूल पडला का?"

"नाही हो! कागदावरच सापडलं."

"मग रडतेस काय? मी एकदा एका माणसाचं घड्याळ दुसऱ्याला दिलं होतं आणि त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं."

चक्री हसली. हे हसू लगेच आलं, मध्ये एक क्षणही न जाता, आणि पाठोपाठ मिशीचंही आलं. तोवर शत्रूंनी धीर करून किल्ल्यात पाऊल टाकलं होतं. कुणी अडवत नाही म्हटल्यावर त्यांनी सावकाश, एकेक खोली बघत लूट केली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "पराभव" आला.

"काका," मिशी जरा थांबून म्हणाली, "पुढच्या शनिवारपासून मावसभाऊ बसेल. म्हणजे, तसंच ठरलं होतं."

"बसू दे," घड्याळजी म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. "बटणाला अगदी हलका हात लाव म्हणावं."

मिशी आणि वाघोबा निघून गेले. घड्याळजींनी वही उघडून कोरं पान काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि चष्म्यावर डोळ्याचं भिंग चढवलं. त्याची काही गरज नव्हती, पण त्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून. पहिला खांब."

"बाबा, तुम्हाला पुलातलं काही कळत नाही."

"ओ की ठो कळत नाही. तू सांग."

बायकोने पलीकडून स्टूल ओढून घेतलं आणि एक कान हेडफोनला लावला. चक्रीने नाक ओढलं, कागद चाळल्याचा आवाज आला, आणि ती एकेक माप सांगू लागली. घड्याळजी एकेक माप पुन्हा मोठ्याने म्हणून लिहून घेत होते.